सावलीतला हिशेब

मराठवाड्यातील बाजारपेठेच्या गावांत अशी अनेक घरे आहेत, ज्यांची एक नजर दुकानाच्या गल्ल्यावर असते आणि दुसरी शेताच्या बांधावर. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव हे असेच एक गाव. कापूस, तूर, सोयाबीन, ऊस आणि मोसंबी यांच्या पैशावर या भागातील पेठा चालतात. पाऊस चांगला झाला की कापडाच्या दुकानात गर्दी होते आणि पाऊस रुसला की उधारीची वही जाड होते. अशा गावात शेतीचा प्रश्न हा एकट्या शेतकऱ्याचा प्रश्न राहत नाही.

या गावातील एक व्यापारी घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. दुकान तीन पिढ्यांचे आणि गावालगत दोन एकर मोसंबीची बाग. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या, तशी या घराचीही जुनी बाग गेली. उभी झाडे तोडून सरपण म्हणून द्यावी लागली. पाऊसपाणी सुधारल्यावर वडिलांनी पुन्हा कलमे लावली. आता ती झाडे भरात आहेत, फांद्यांना फांद्या भिडल्या आहेत आणि दोन ओळींमधील जमीन सावलीने झाकून गेली आहे. बी.कॉम. होऊन दुकानात बसू लागलेला मुलगा मे महिन्यातील एका संध्याकाळी म्हणतो, "बाबूजी, झाडांखालची एवढी जमीन रिकामी पडली आहे. हळद सावलीत येते म्हणतात. दोन्ही एकरांत लावून टाकू."

वडील होकार देत नाहीत, नकारही देत नाहीत. "सावलीत येते म्हणजे नेमके काय होते, ते आधी समजून घेऊ," एवढेच ते म्हणतात.

मोकळ्या शेतात हळदीचे बेणे एकरी सुमारे दहा क्विंटल लागते. झाडांच्या ओळी सोडून लावले तरी बेणे, मजुरी, खत आणि नऊ महिन्यांचे पाणी यांत मोठी रक्कम गुंतते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुष्काळानंतर नव्याने उभी केलेली झाडे पणाला लागतात. म्हणून वडिलांचा प्रश्न रास्त आहे. झाड सावलीत कसे जगते?

पानाचा जमाखर्च

व्यापारी कुटुंबाला हा विषय जमाखर्चाच्या भाषेत लवकर उमगेल. हिरवे पान सूर्यप्रकाशाच्या बळावर हवेतील कर्बवायू आणि मुळांनी आणलेले पाणी यांपासून साखर तयार करते. ही पानाची जमा. परंतु पान जिवंत ठेवण्यासाठी त्यातील काही साखर जाळावी लागते. हे श्वसन दिवसा चालते, रात्रीही चालते. हा पानाचा खर्च. प्रकाश कमी होत गेला की जमा घटत जाते, खर्च मात्र चालू राहतो. दुकानात गिऱ्हाईक आले नाही म्हणून भाडे आणि पगार थांबत नाहीत, तसेच हे आहे. ज्या प्रकाशात जमा आणि खर्च अगदी बरोबरीला येतात, त्याला प्रकाशाचा भरपाई-बिंदू म्हणता येईल. ना नफा, ना तोटा अशी ती रेषा. पान दीर्घकाळ त्या रेषेखाली राहिले तर ते भांडवल खाऊ लागते, पिवळे पडते आणि गळते.

आता थोडे आकडे पाहू. वनस्पतिशास्त्रज्ञ प्रकाश मोजण्यासाठी जे माप वापरतात, त्यात भर दुपारचे निरभ्र ऊन सुमारे २,००० भरते. उन्हात वाढणाऱ्या झाडाच्या पानाचा भरपाई-बिंदू त्याच मापात साधारण १० ते २० असतो. सावलीत वाढणाऱ्या झाडाच्या पानाचा १ ते ५. दाट सदाहरित जंगलात जमिनीपर्यंत वरच्या प्रकाशाचा जेमतेम शेकडा एक-दोन भाग पोहोचतो. म्हणजे जिथे उन्हातल्या झाडाचे पान कसेबसे खर्च भागवील, तिथे सावलीतल्या झाडाचे पान थोडीशी शिल्लक टाकते.

यातील मर्म असे की सावलीतले झाड अधिक कमावते म्हणून जगत नाही. त्याची कमाई उन्हातल्या झाडापेक्षा कमीच असते. ते जगते, कारण त्याने खर्च कमी केलेला असतो. त्याची पाने पातळ असतात. उन्हातल्या पानात प्रकाश पकडणाऱ्या उभ्या पेशींचे दोन-तीन थर असतील, तर याच्या पानात बहुधा एकच. पान बांधायला कमी माल लागतो आणि चालवायला कमी साखर. त्याच वजनात हरितद्रव्याचा वाटा मात्र अधिक असतो, म्हणून अशी पाने पुष्कळदा गडद हिरवी दिसतात. पाने आकाराने रुंद असतात, आडवी पसरतात आणि एकमेकांवर सावली पडू नये अशा बेताने मांडलेली असतात. पेशींच्या आत हरितद्रव्याचे कण मंद प्रकाशात पृष्ठभागालगत पसरतात आणि प्रखर ऊन आले की बाजूच्या भिंतींकडे सरकतात. वाढ हळू, पाने दीर्घायुषी, फुलोरा बेताचा; असा हा काटकसरीचा संसार असतो.

पळणारे आणि थांबणारे

सगळीच झाडे हा मार्ग पत्करत नाहीत. दुकानामागे महिनाभर पडून राहिलेले पोते उचलले की त्याखालचे गवत पिवळट, लांबुडके आणि लेचेपेचे झालेले दिसते. त्या गवताने आपली उरलीसुरली शिल्लक एकाच गोष्टीवर लावलेली असते: लांबी. कसेही करून पोत्याच्या कडेबाहेर पोहोचायचे आणि ऊन गाठायचे. कापूस, सूर्यफूल, ज्वारी, मोगरा ही मंडळी मूळची उन्हाची. त्यांच्यावर सावली पडली की खोड उंच आणि बारीक होते, पेऱ्यांतील अंतर वाढते, फांद्या कमी फुटतात आणि फुलांवरचा खर्च मागे पडतो. गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवलेला मोगरा पाने देतो पण कळी धरत नाही, त्याचे कारण हेच. हे झाडाचे पळणे आहे. पळून उन्हात पोहोचले तर डाव जिंकला. पोहोचले नाही तर हाती उंची राहते आणि बाकी काही उरत नाही.

आपण सावलीत आहोत हे झाडाला कळते तरी कसे? केवळ उजेड कमी झाला एवढ्यावरून नव्हे. उजेड तर ढग आल्यावरही कमी होतो. हिरवे पान तांबडा आणि निळा प्रकाश बहुतांश शोषून घेते, परंतु तांबड्याच्या पलीकडचा, मानवी डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद तांबडा प्रकाश ते आरपार सोडते किंवा परतवते. त्यामुळे उघड्या आकाशाखाली या दोन प्रकाशांचे परस्परांशी प्रमाण सुमारे १.२ असते, ते दाट पानांच्या छायेत ०.२ पर्यंत किंवा त्याहूनही खाली येते. झाड हे प्रमाण वाचते.

वाचणारा पदार्थ कोणता, याचा शोध एका भाजीच्या बियांतून लागला. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मेरीलँड राज्यातील बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात हॅरी बोर्थविक आणि स्टर्लिंग हेंड्रिक्स यांनी लेट्यूसच्या ओल्या बियांवर प्रकाशाचे प्रयोग केले. तांबडा प्रकाश थोडा वेळ दाखवला की बी रुजे. त्यानंतर गडद तांबडा दाखवला की रुजणे थांबे. पुन्हा तांबडा दाखवला की पुन्हा रुजे. कितीही वेळा आलटून पालटून दाखवा, शेवटचा प्रकाश कोणता, यावर निकाल ठरे. हे काम १९५२ साली प्रसिद्ध झाले. त्या पदार्थाला पुढे फायटोक्रोम हे नाव मिळाले. बियांचा प्रकाशाशी असलेला हा संबंध लक्षात ठेवावा. शेवटी तो उपयोगी पडणार आहे.

१९९० साली अर्जेंटिनातील संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. शेजारच्या झाडांची सावली प्रत्यक्ष पडण्यापूर्वीच, त्यांच्या पानांवरून परतलेल्या गडद तांबड्या प्रकाशावरून रोपांना शेजाऱ्याची चाहूल लागते आणि ती उंच होऊ लागतात. समोर नवे दुकान उघडण्याआधी त्याची पाटी रंगवताना पाहूनच जुना दुकानदार सावध व्हावा, तसा हा प्रकार आहे. दाट पेरलेले पीक उंच, बारीक आणि लोळणारे का होते, याचे एक उत्तर यात आहे.

पळणे आणि थांबणे यांखेरीज तिसराही एक मार्ग आहे आणि तो कुंभार पिंपळगावाच्या नावातच आहे. पिंपळाचे इवलेसे बी पक्षी खातात आणि त्यांच्या विष्ठेतून ते भिंतीच्या भेगेत, देवळाच्या शिखरात किंवा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडते. जमिनीवरच्या काळोखात जे रोप कधी वर आले नसते, ते उंचावरच्या उजेडात आयुष्य सुरू करते आणि मुळे खाली सोडते. वडाचेही पुष्कळदा असेच होते. चौथा मार्ग तर याहून विलक्षण. मॉन्स्टेरा हा रुंद पानांचा वेल आता शहरांतील घरांत शोभेसाठी दिसतो. १९७५ साली डोनाल्ड स्ट्राँग आणि टॉमस रे या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की या कुळातील एका वेलाची कोवळी रोपे जंगलाच्या जमिनीवर उजेडाकडे न जाता सर्वांत काळ्या दिसणाऱ्या दिशेकडे सरकतात. कारण जंगलात सर्वांत काळे दिसते ते जाड झाडाचे खोड. खोड सापडले की वेल वर चढू लागतो आणि उजेड गाठतो.

अवचित येणारे ऊन

सावलीतल्या झाडाच्या जमाखर्चात आणखी एक नोंद असते, ती कवडशांची. वारा आला, फांदी हलली, सूर्य थोडा सरकला की पानांच्या फटीतून उन्हाचा तुकडा खाली येतो; काही क्षण टिकतो, कधी काही मिनिटे, आणि जातो. दाट जंगलाच्या तळाशी दिवसभरात मिळणाऱ्या एकूण प्रकाशाचा मोठा वाटा, काही ठिकाणी निम्म्याहून अधिक, अशा कवडशांतून येतो. त्याचा लाभ घ्यायचा तर पानाची यंत्रणा तयार असली पाहिजे. थंडावलेल्या पानाला पूर्ण वेगाने काम सुरू करायला काही मिनिटे लागतात. तोवर कवडसा निघून जातो. परंतु थोड्याच वेळापूर्वी एक कवडसा येऊन गेला असेल तर पान अर्धवट जागे असते आणि दुसऱ्याचा उपयोग त्याला चांगला करता येतो. आडगावच्या दुकानात दिवसभर तुरळक गिऱ्हाईक असते, पण बसची वेळ झाली की एकदम दहा माणसे येतात. त्या वेळी कुलूप असेल तर दिवस वाया गेला, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

मात्र सावलीत घडलेल्या पानाला एकदम भर उन्हात आणणे घातक असते. त्याची यंत्रणा बेताच्या प्रकाशासाठी उभारलेली असते. जास्तीच्या प्रकाशाने ती बिघडते, पान पांढुरके पडते आणि करपते. घरात वाढलेली कुंडी कोणी हौसेने मे महिन्यात गच्चीवर नेऊन ठेवतो आणि चार दिवसांत पाने भाजलेली पाहतो. यात झाडाचा दोष नसतो आणि उन्हाचाही नसतो. बदल एका दिवसात झाला, हा दोष असतो. तयार झालेले जुने पान आपली घडण फारशी बदलू शकत नाही. नव्या उजेडाला साजेशी नवी पाने फुटावी लागतात आणि त्याला काही आठवडे लागतात. म्हणून कुंडी आधी सकाळच्या कोवळ्या उन्हात, मग थोड्या अधिक उन्हात, अशी टप्प्याटप्प्याने न्यावी.

मोसंबीच्या पोटातील काळोख

आता बागेकडे वळू. मोसंबीच्या लिंबूवर्गीय कुळाचे मूळ स्थान हिमालयाचा आग्नेय पायथा, म्हणजे आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युनान, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून पुढे आले. उंच वृक्षांच्या सान्निध्यात वाढणाऱ्या दमट प्रदेशाची ही वारसदार. तिच्या एकट्या पानाला भर दुपारच्या उन्हाचा साधारण एक तृतीयांश भाग मिळाला तरी त्याचे काम जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालते. उरलेले ऊन त्याला जास्तीचे होते. मराठवाड्यातील वैशाखाचे ऊन तर तिच्या उघड्या खोडाला सोसत नाही. खोडाला बोर्डो पेस्ट लावतात ती मुख्यतः बुरशीसाठी असली, तरी तिच्या पांढुरक्या-निळसर थराने ऊनही परतवले जाते.

असे असूनही मोसंबीच्या झाडाच्या पोटात शिरून पाहिले तर वाळलेल्या काटक्यांचे जाळे दिसते. बागायतदार त्याला 'सल' म्हणतात. सल पडण्यास रोग, पाण्याची ओढ, अन्नद्रव्यांची कमतरता अशी अनेक कारणे असतात आणि त्यांपैकी एक म्हणजे झाडाची स्वतःचीच सावली. बाहेरची पाने ऊन घेतात, आतल्या पानांपर्यंत भरपाई-बिंदूइतकाही प्रकाश पोहोचत नाही. येथे झाडाचा एक कठोर नियम लागू होतो. कोवळ्या पानाला झाड साखर पुरवते. परंतु पूर्ण वाढ झालेले पान एकदा स्वतः कमावू लागले की झाडाच्या इतर भागांकडून साखर परत घेत नाही. पुढे ते तोट्यात गेले तर त्याला कोणी उधार देत नाही. ते गळते, मग डहाळी वाळते. आपल्याला हे निर्दय वाटेल; पण तोट्यातील शंभर डहाळ्यांना पोसत बसलेले झाड फळ धरू शकले नसते.

सल काढून टाकणे, खोडाच्या पोटातून सरळ वर धावणारे पाणसोट छाटणे, एकमेकांत घुसलेल्या फांद्या विरळ करणे, ही कामे म्हणूनच हिशेबाची कामे आहेत. त्यांनी झाडाच्या पोटात उजेड आणि वारा शिरतो. मेलेल्या झाडाच्या जागी लावलेल्या नव्या कलमाचेही तसेच. दोन मोठ्या झाडांच्या मध्ये नांगे भरले आणि आजूबाजूच्या फांद्या मोकळ्या केल्या नाहीत, तर ते कलम काटकुळे होऊन वर्षानुवर्षे तसेच राहते. ते जगते, म्हणून बरे चालले आहे असा समज होतो. प्रत्यक्षात ते खर्च भागवण्यापलीकडे काही करत नसते.

सावली मागणारे आणि सावली सोसणारे

महाराष्ट्राने सावलीची शेती पूर्वीपासून केली आहे. पानमळा हे तिचे उत्तम उदाहरण. सांगली जिल्ह्यातील मिरज तालुक्यात, नागपूर जिल्ह्यातील रामटेक परिसरात, अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी भागात विड्याच्या पानांची लागवड नावाजलेली. तेथे शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा अशी झाडे आधी वाढवतात आणि त्यांच्या आधाराने, त्यांच्या छायेत पानवेल चढवतात. ही छाया जशी असेल तशी ठेवत नाहीत. ऋतूनुसार फांद्या राखल्या किंवा छाटल्या जातात. कोकणात रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, मिरी यांची लागवड बसवली. ती 'लाखी बाग' या नावाने ओळखली जाते. नारळाची झाडे साडेसात मीटर अंतरावर, उंच आणि विरळ डोक्याची. त्यांच्यातून खाली येणारा गाळीव प्रकाश मसाल्याच्या झाडांना मानवतो.

मराठवाड्यात सावलीची वाटणी जागेऐवजी काळात केली जाते. सोयाबीन आणि तूर एकत्र पेरतात तेव्हा तूर पहिले दोन महिने हळूहळू वाढते. सोयाबीन साधारण शंभर दिवसांत निघून जाते आणि मग तूर मोकळ्या जागेत पसरते. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन, अशी शिफारस आहे. जालना जिल्ह्यातीलच बदनापूरच्या संशोधन केंद्राने तुरीचे जे वाण दिले, त्यांपैकी बीडीएन ७११ हे अनेक शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहे. दोघांनाही ऊन हवे असते. पण दोघांची उन्हाची गरज एकाच वेळी शिगेला पोहोचत नाही.

हळदीचे काय? वसमत, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात हळदीचे मोठे क्षेत्र आहे आणि ते बहुतांश उघड्या शेतातील आहे. शेताच्या कडेला एरंडी लावण्याची रीत आहे, तिची विरळ सावली हळदीला मानवते. हलकी सावली मिळाली तर हळदीची पाने करपत नाहीत. दाट सावलीत मात्र पाने उंच होतात आणि गड्डे लहान राहतात. म्हणजे पानवेल सावली मागते, हळद सावली सोसते. मागणे आणि सोसणे यांत जो फरक आहे, तोच नफा आणि गुजराण यांत आहे.

दोन एकरांचा निर्णय

कल्पनेतल्या त्या घरात मुलाने मोबाईलमधील प्रकाश मोजण्याचे ॲप उघडले. भर दुपारी बांधावर एकदा आणि झाडांच्या दोन ओळींमध्ये दहा ठिकाणी असे आकडे त्याने वहीत उतरवले. सकाळी नऊला आणि दुपारी तीनलाही तेच केले. अशी मापे अगदी अचूक नसतात, पण आतले आणि बाहेरचे प्रमाण समजण्यास पुरेशी असतात. बहुतेक ठिकाणी आतला प्रकाश बाहेरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी निघाला. ही हलकी सावली नव्हती.

वडिलांनी मग दुसरा प्रश्न विचारला, तो पाण्याचा. त्यांची बाग आंबे बहाराची. त्यासाठी डिसेंबर-जानेवारीत दीड-दोन महिने पाणी तोडून झाडांना ताण द्यावा लागतो, तेव्हा पुढे फुले लागतात. मे-जूनमध्ये लावलेली हळद नेमकी त्याच महिन्यांत गड्डे भरत असते आणि तिला पाणी हवे असते. हळदीला पाणी दिले तर मोसंबीचा ताण मोडतो. मोसंबीला ताण दिला तर हळद सुकते. मृग बहाराची बाग असती, तर ताण एप्रिल-मेमध्ये आला असता आणि ही अडचण पुष्कळ कमी झाली असती. शिवाय खोडाभोवती सतत ओल राहिली की डिंक्या रोग बळावतो. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद खणायची, म्हणजे मोसंबीची वरच्या थरातील अन्न घेणारी मुळे फुलोऱ्याच्या सुमारास तोडायची.

"सावली जमली असती, तरी वेळ जमत नाही," वडील म्हणाले. "एकाच तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असल्या आणि दोघांनाही एकाच दिवशी पैसे काढायचे असले, तर काय होईल?"

मुलाने थोडा वाद घातला. मग त्याने वहीत हळदीचा खर्च अर्ध्या एकरापुरता मांडला. जागा बागेबाहेरची निवडली, जिथे दुसऱ्या पिकानंतर जमीन मोकळी होती आणि कडेने एरंडी लावता येणार होती. बागेत त्या वर्षी काहीच लावायचे नाही, असे ठरले. सल आणि पाणसोट पावसाळ्यापूर्वी काढायचे, नांग्यांवरच्या फांद्या मोकळ्या करायच्या आणि गळलेली पाने जमिनीवर तशीच कुजू द्यायची, एवढेच. रिकामी दिसणारी ती जमीन रिकामी नव्हती. तिच्यावर मोसंबीच्या मुळांचा आधीपासूनच हक्क होता.

कामे झाली. मृगाचे दोन चांगले पाऊस पडले. जिथे फांद्या विरळ केल्या होत्या, नेमक्या त्या पट्ट्यांत आठवडाभरात तणाची इवली हिरवी रोपे दाटीने उगवलेली मुलाला दिसली. शेजारच्या दाट सावलीत मात्र जमीन तशीच उघडी होती. बी दोन्हीकडे पडलेले होते. एका बाजूचे बी अजूनही गडद तांबड्या प्रकाशात थांबून राहिले होते. मुलगा थोडा वेळ त्या सीमारेषेजवळ बसून राहिला आणि मग खुरपे आणायला घरी गेला.